घर बरोबर असेल तर सफर कसली?

बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांच्या काठी वाढलेल्या आम्हा कोकणी मुसलमानांना जमिनीवरच्या प्रवासाचं फारसं कौतुक नसतं. नाखवा, तांडेल, खलाशी हे आमच्याकडचे रोजचे शब्द. काही घरांत तर ती आडनावंच होऊन बसली आहेत. गाडीने कुणी काश्मीरला जाऊन आला तर लोक "बरं झालं" म्हणतात. पण कुणाचा पोरगा जहाजावर लागला की अख्ख्या मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते.

माझ्या आईच्या वडिलांचं स्वतःचं गलबत होतं. कौलं, जळाऊ लाकूड, भात, हंगामात आंबा असा माल मुंबईला जायचा. नारळी पौर्णिमेनंतर गलबत निघायचं आणि मृगाच्या आधी किनाऱ्याला ओढून, शाकारून ठेवलं जायचं. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि रस्त्यावर ट्रक धावू लागले. ट्रकला ना भरतीची वाट पाहावी लागत होती ना वाऱ्याची. नानांनी गलबत विकलं आणि एका ट्रकात भागी घेतली. ही गोष्ट घरात दोन तऱ्हेने सांगितली जायची. नाना म्हणायचे, "गलबत गेलं." नानी म्हणायची, "ट्रक घेतला." घटना एकच, पण ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या घरांतल्या वाटाव्यात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतले माझे मामू आणि मुमानी. मामूंची हयात आधी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत आणि नंतर न्यू जर्सीच्या एका गोदीत दुरुस्तीच्या कामावर गेली. निवृत्त झाल्यावर 2015 मध्ये त्यांनी राहतं घर विकलं, 36 फुटांची जुनी शिडाची बोट घेतली आणि नवरा-बायको त्या बोटीवर राहायला गेले. चार-पाच दिवसांच्या सहलीसाठी नव्हे, कायमचे. आठ वर्षं राहिले. 2023 मध्ये बोट विकून त्यांनी आरव्ही घेतली, म्हणजे ट्रकच्या चॅसीवर बांधलेलं चाकांचं घर. आता ते त्यात राहतात. मामू फोनवर म्हणाले, "बोट गेली." पाठोपाठ मुमानीने फोन घेतला आणि म्हणाली, "गाडी घेतली आम्ही."

मी त्यांच्याबरोबर बोटीवर दहा दिवस राहिलो आहे आणि आरव्हीत चार आठवडे. त्यामुळे दोन्हीबद्दल थोडं सांगू शकतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंत आतल्या बाजूने एक जलमार्ग आहे. नद्या, खाड्या आणि कालवे जोडून तो तयार केला आहे. आपल्या धरमतरपासून गोव्यापर्यंतच्या सगळ्या खाड्या आतून एकमेकींना जोडल्या असत्या तर जसं झालं असतं तसा. या मार्गावरच्या न उघडणाऱ्या पुलांची उंची साधारण 65 फूट ठेवलेली आहे, त्यामुळे डोलकाठी त्याहून उंच असेल तर तुम्ही बाहेरच्या समुद्रातून जा. मामूंच्या बोटीची काठी 50 फुटांची. तरीही प्रत्येक पुलाखालून जाताना मामू श्वास रोखून वर बघायचे आणि मुमानी डोळे मिटून दरूद पढायची. बोटीचा वेग तासाला पाच-सहा नॉट, म्हणजे दहा किलोमीटरच्या आसपास. दिवसभर चालून चिपळूणहून महाडपर्यंतचं अंतर कापलं तर तो चांगला दिवस.

हे लोक ऑक्टोबरात दक्षिणेकडे निघतात आणि उन्हाळ्याआधी उत्तरेकडे परततात. त्याला कारण थंडीइतकंच वादळांचं. अटलांटिकवर चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर धरला जातो. त्या काळात बोट अमुक अक्षांशाच्या वर असली पाहिजे, अशी अट विम्याच्या कागदात असते. सप्टेंबर 2022 मध्ये इयान वादळाने फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बोटी उचलून एकमेकींवर रचून ठेवल्या. मामूंची बोट तेव्हा शेकडो मैल दूर होती, पण त्यांच्या विम्याचा हप्ता मात्र वादळ जवळून गेल्यासारखा वाढला.

बोटीवरच्या संसाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. गोडं पाणी सव्वादोनशे लिटर, आणि ते पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही. शौचालयाला हातपंप. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत मैला पाण्यात सोडायला बंदी, म्हणून तो टाकीत साठवायचा आणि धक्क्यावर जाऊन उपसून घ्यायचा. वीज सौर पट्ट्यांची. दर एक-दोन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून बुडाला चिकटलेली शिंपली खरवडायची आणि विषारी रंग द्यायचा. नाना गलबताला माशाचं तेल चोळायचे, भाचा-मामू वारसा एकच. मुमानीची शेगडी अशा बिजागरीवर टांगलेली होती की बोट कलली तरी भांडं सरळ राहील. "भांडं सरळ राहायचं," ती म्हणाली, "मी वाकडी व्हायची."

आणि तरीही त्या आयुष्यात काहीतरी होतं. इंजिन बंद करून शीड उभारलं की आवाज म्हणून जो काही उरतो तो फक्त पाण्याचा. नांगर टाकला की मुक्काम फुकट. वाऱ्याचं बिल येत नाही. फ्लोरिडात कोळ्यांकडून ताजी कोळंबी मिळायची आणि मुमानी नारळ घालून तिचं कालवण करायची. हलाल मटणाचं दुकान जवळ नाही ही काळजी बोटीवर कधी वाटली नाही. मासळीला कसला आला प्रश्न?

नमाजची गंमत मात्र वेगळी होती. अमेरिकेतून किबला ईशान्येकडे धरतात. पण नांगरावर उभी असलेली बोट वाऱ्याबरोबर आणि भरती-ओहोटीबरोबर फिरत राहते. पहिल्या रकातीला किबला नाळेकडे असायचा तर चौथीला बाजूच्या खिडकीकडे. आपल्या फुकहांनी जहाजावरच्या नमाजचे मसले शेकडो वर्षांपूर्वीच चर्चून ठेवले आहेत: जहाज फिरलं तर आपणही फिरावं, उभं राहून चक्कर येत असेल तर बसून पढावी. मामू होकायंत्र समोर ठेवून नमाज पढायचे.

पण खरा मसला दुसराच होता आणि त्यावर नवरा-बायकोत आठ वर्षं मतभेद होता. मामू कसर करायचे. मुसाफिराला चार रकातींच्या फर्ज नमाजमध्ये दोन रकाती पढायची सवलत आहे. आम्ही कोकणी लोक शाफई, त्यामुळे प्रवासात जोहर आणि असर, मगरिब आणि इशा एकत्र पढण्याचीही मुभा आहे. एका जागी पूर्ण चार दिवस राहायची नियत केली की ती सवलत संपते. मात्र "आज ना उद्या निघू" अशा अवस्थेत अडकलेल्याला शाफई मजहबात 18 दिवसांपर्यंत कसर चालते. मामूंनी आठ वर्षांत चार दिवस राहायची नियत बहुधा कधी केलीच नाही. विचारलं की म्हणायचे, "वारा बदलला की निघू."

मुमानी पूर्ण चार रकाती पढायची. मी तिला कारण विचारलं. तिने हा मसला लहानपणी आमच्याच गावच्या मक्तबात ऐकला होता. ज्या नाविकाची बायकामुलं त्याच्याबरोबर जहाजावरच राहतात त्याचं काय? किताबांमध्ये त्याचा वेगळा उल्लेख आहे. हंबली मतात असा माणूस मुसाफिर ठरतच नाही, त्याने पूर्ण पढावी. आपल्या शाफई मतात त्याला सवलत आहे, पण पूर्ण पढणं अफजल. मुमानीने यातला अर्थ चटकन काढला होता. "घर बरोबर असेल तर सफर कसली? तुझे मामू मुसाफिर. मी घरीच आहे. माझं घर हलतं, एवढंच."

मला वाटतं, या एका वाक्यात तिची आठ वर्षं आहेत. बाहेरून बघणाऱ्याला हे जोडपं एकच प्रवास करतंय असं वाटत होतं. आत मात्र एकजण प्रवासाला निघालेला होता आणि दुसरी हलत्या घरात संसार करत होती.

बोट का विकली, हे मामू वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगतात. कुणाला विमा, कुणाला गुडघे, कुणाला डिझेल इंजिनाचं वय. मुमानीने मला एकच कारण सांगितलं. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर दलदलीच्या गवताळ खाड्या आहेत, भरती-ओहोटीतला फरक सात-आठ फुटांचा. तिथे एका रात्री नांगरावर असताना मामूंच्या छातीत कळ आली. आजूबाजूला एकही दिवा नव्हता. मुमानीने रेडिओचा 16 नंबरचा चॅनेल लावला, आयुष्यात पहिल्यांदा त्यावर बोलली, आणि नकाशावरचे आकडे वाचून आपण कुठे आहोत ते सांगितलं. तटरक्षक दलाची नाव यायला पन्नास मिनिटं लागली. मामूंच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट बसले आणि अल्लाहच्या मेहेरबानीने ते बरे झाले.

"त्या पन्नास मिनिटांत तू काय केलंस?" मी विचारलं.

"यासीन पढत होते," ती म्हणाली, "आणि मनात मोजत होते. गुसल कोण देईल? जनाज्याला माणसं कुठून आणायची? चार खांदे लागतात रे. आमच्याकडे दोघांचे मिळून दोन चांगले आहेत."

ती हे हसत सांगत होती, पण हा काही विनोद नव्हता. आपल्याकडे मयत हा घरच्यांनी एकट्याने उरकायचा मामला नाही. ते फर्ज-ए-किफाया आहे, वस्तीवरचं देणं. कुणीतरी केलं तर सगळ्यांवरून उतरतं, कुणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार. पण त्यासाठी आधी वस्ती असावी लागते. खाडीत एकट्याने नांगरलेल्या बोटीला वस्ती नसते. मामूंना जे स्वातंत्र्य वाटत होतं ते मुमानीला त्या रात्री दुसऱ्या बाजूने दिसलं.

महिनाभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला फिरणं सोडायचं नाही. पाणी सोडायचंय." मामूंना बहुधा याच वाक्याने सोडवलं. त्यांना भीती होती ती चार भिंतींच्या फ्लॅटची.

आरव्ही 28 फुटांची, जुनीच. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे दुसरा, मधे स्वयंपाकघर. या गाड्यांचे तीन मुख्य प्रकार असतात: बससारखी ती 'ए', व्हॅनसारखी ती 'बी', आणि यांची ती 'सी'. पाहिल्यावर लक्षात आलं की आतली व्यवस्था बोटीचीच आहे. तीच बारा व्होल्टची बॅटरी, तेच सौर पट्टे, हलताना उघडू नयेत म्हणून कपाटांना तशाच खिट्या, पाण्याची टाकी, मैल्याची टाकी. फक्त टाकी आता धक्क्याऐवजी रस्त्यालगतच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. वजूला किती पाणी घ्यायचं ते दोघांच्या हातांना पाठ झालंय. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका, ही लहानपणी ऐकलेली शिकवण प्रत्यक्षात पाळणारी माणसं मी तरी हीच पाहिली.

नुकसानही आहे, आणि मामू ते मोजून दाखवतात. गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर देते. रात्रीच्या मुक्कामाला चाळीस-पन्नास डॉलर पडू शकतात. इंजिन बंद केलं की गाडी थांबते. मामूंना याचाच सर्वात जास्त राग आहे. आयुष्यभर इंजिनखोलीत काम केलेल्या माणसाला म्हातारपणी शांतता हवी होती आणि आता ते पुन्हा इंजिनावर बसले आहेत.

बसले आहेत हेही पूर्ण खरं नाही, कारण गाडी निम्मा वेळ मुमानी चालवते. आमच्या नात्यात ही मोठीच बातमी झाली. बोटीवर ती खलाशी होती. दोर ओढ म्हटलं की ओढायचा, सोड म्हटलं की सोडायचा. सुकाणू मामूंकडे. या आकाराच्या आरव्हीला तिथे बहुतेक ठिकाणी साधं मोटारीचं लायसन्स पुरतं. ते तिच्याकडे पंचवीस वर्षांपासून होतं. वयाच्या 67व्या वर्षी ती 28 फुटांची गाडी मागे घ्यायला शिकली. नानांच्या गलबतावर बाईमाणसाने पाय ठेवलेला मला तरी ऐकून माहीत नाही. नानी किनाऱ्यावर उभी राहून शिडांचा रंग ओळखायची. "ट्रक घेतला" म्हणताना नानीच्या आवाजात जो दिलासा होता त्याचा अर्थ मला मुमानीला स्टिअरिंगवर बघून कळला. ट्रक बुडत नाही. ट्रकवाला उशिरा का होईना, घरी येतो.

2024च्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाजवळ राहिलो. गावची वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर, पण हिवाळ्यात आजूबाजूच्या वाळवंटात आरव्हींचं शहर वसतं. जमीन सरकारची. तिथे काही भागात 15 सप्टेंबर ते 15 एप्रिलपर्यंत एका परवान्यावर राहता येतं. एरवी अशा मोकळ्या सरकारी जमिनीवर साधारण 14 दिवस फुकट राहून पुढे सरकायचं, असा नियम.

याच गावच्या कबरस्तानात एक दगडी पिरॅमिड आहे, त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. खाली जो माणूस आहे त्याला अमेरिकन लोक 'हाय जॉली' म्हणत. मूळ नाव हाजी अली. अमेरिकेच्या लष्कराने 1856 मध्ये नैर्ऋत्येच्या वाळवंटात सामान वाहण्यासाठी पलीकडून जहाजाने उंट आणले. ते टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरवले आणि त्यांच्याबरोबर उस्मानी मुलखातले उंटवालेही आले. त्यांपैकी हा एक. 1857 मध्ये एडवर्ड बील या अधिकाऱ्याने न्यू मेक्सिकोपासून कोलोरॅडो नदीकडे गाडीरस्त्याची पाहणी केली तेव्हा हे उंट बरोबर होते. पुढे यादवी युद्ध सुरू झालं, लष्कराचा उंटांतला रस संपला, उंट विकले किंवा सोडून दिले गेले. हाजी अली तिथेच राहिला. मालवाहतूक केली, लष्कराची वाटाड्याची कामं केली, खाणी शोधल्या, लग्न केलं, आणि 1902 मध्ये त्याच परिसरात वारला. 1935 मध्ये ॲरिझोनाच्या महामार्ग खात्याने ते स्मारक बांधलं. समुद्रमार्गे आलेला, जमिनीवर जन्म काढलेला माणूस.

मामू तिथे फातिहा पढले. मग म्हणाले, "आपल्या मुंबईत एक हाजी अली समुद्रात, इथे एक वाळवंटात." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "रस्तेवाल्यांनी बांधली बघ कबर. नात्यातलं कुणी नव्हतं तरी." मुमानीने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

फिरतं आयुष्य सगळ्यांनी हौसेने निवडलेलं नसतं, हेही त्या वाळवंटात दिसतं. जेसिका ब्रूडर यांचं 'नोमॅडलँड' हे 2017चं पुस्तक आणि त्यावरचा ऑस्कर मिळालेला चित्रपट याच लोकांवर आहे. 2008च्या मंदीनंतर घर गमावलेले, पेन्शन न पुरणारे, हंगामी कामांमागे गाडी घेऊन फिरणारे वृद्ध त्यात आहेत. मामूंच्या शेजारच्या व्हॅनमध्ये राहणारी बाई सत्तरीची, उन्हाळ्यात तंबूंच्या मैदानाची राखणदारी करते. तिच्याकडे जुनी व्हॅन आहे, पण विकायला बोट नव्हती.

तरीसुद्धा त्या बाईकडे कायमचा पत्ता आहे. मामूंकडेही आहे. साउथ डकोटा राज्यात एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल घेणाऱ्या संस्थेचा पत्ता दाखवला की फिरत्या लोकांना तिथलं लायसन्स मिळतं. मामूंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडची पालं आली. 1871च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि 1952 मध्ये ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला, त्या भटक्या-विमुक्तांत छप्परबंद, दरवेशी, मदारी असे आपले मुसलमानही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घर बरोबर घेऊन फिरणारी माणसं. त्यांच्याकडे एका रात्रीची पावती कोण मागतं? पन्नास वर्षांचे कागद मागतात. ज्याच्याजवळ पैसा आणि पासपोर्ट आहे त्याच्या फिरण्याला भटकंती म्हणतात. ज्याच्याजवळ नाही तो भटका. कागदाची किंमत काय असते ते या लेखाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

माझी आई विचारते, भाऊ आता सुखी आहे का? मी तिला जे पाहिलं तेच सांगतो. हलाल मटणासाठी दोनशे किलोमीटरवरच्या फीनिक्सला जावं लागतं, पण ते आता महिन्यातून एकदा जुम्मा गाठून जातात आणि मशिदीतल्या लोकांना त्यांची नावं माहीत झाली आहेत. डॉक्टर तिथलाच ठरवला आहे. मुमानीने गाडीबाहेर सतरंजी टाकून शेजाऱ्यांना बिर्याणी खाऊ घालायला सुरुवात केली आहे. वस्ती अशीच तयार होते.

आणि आणखी एक गोष्ट. एकदा जोहरला मी मामूंच्या मागे उभा राहिलो. मी मुसाफिर होतो; दोन रकातींनंतर सलाम फिरेल असं धरून चाललो होतो. मामू तिसऱ्या रकातीला उठले. नमाजनंतर मी विचारलं तर सतरंजीची घडी घालत म्हणाले, "परवाना एप्रिलपर्यंतचा आहे." मुमानी आत कांदा चिरत होती. तिथूनच तिने विचारलं, "चार?" मी म्हटलं, "चार."